विल्यम हर्षल

सर विल्यम हर्षल (मूळ नाव : फ्रीडरिश विल्हेल्म हर्शेल, जन्म : १५ नोव्हेंबर १७३८, हॅनोव्हर, मृत्यू : २५ ऑगस्ट १८२२, स्लाऊ, इंग्लंड) हे जर्मनीत जन्मलेले ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ, दुर्बिणींचे निर्माते आणि संगीतकार होते. युरेनस या ग्रहाचा शोध (१७८१) आणि सूर्यप्रकाशातील अवरक्त किरणांचा शोध (१८००) ही त्यांची दोन प्रमुख कार्ये होत. मराठी पंचांगांत आणि जन्मपत्रिकांत युरेनस हा ग्रह आजही 'हर्षल' या नावाने ओळखला जातो. त्यामुळे ज्यांना या शास्त्रज्ञाविषयी काहीच माहिती नाही, अशा घरांतही त्यांचे नाव परिचित आहे. इ.स. २००९ मध्ये अनेक देशांनी मिळून अवकाशात पाठविलेल्या अतिशीत अवरक्त दुर्बिणीस त्यांचेच नाव देण्यात आले.

बालपण व संगीतजीवन

हर्षल यांचे वडील आयझॅक हे हॅनोव्हरच्या लष्करी वाद्यवृंदात ओबो हे सुषिर वाद्य वाजवीत. घरची स्थिती बेताची होती, पण घरात संगीत आणि तत्त्वचर्चा या दोहोंचे वातावरण होते. विल्यम लहान वयातच वडिलांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. १७५७ साली हास्टेनबेकच्या लढाईत फ्रेंच सैन्याने हॅनोव्हरच्या बाजूचा पराभव केला. त्यानंतर अवघ्या एकोणिसाव्या वर्षी ते इंग्लंडला निघून गेले.

इंग्लंडमध्ये प्रारंभीची काही वर्षे त्यांनी स्वरलेखनाच्या नकला करून आणि शिकवण्या घेऊन काढली. पुढे बाथ या शहरातील ऑक्टॅगन चॅपेल या प्रार्थनामंदिरात ऑर्गनवादक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांनी २४ सिंफनी रचल्या. १७७२ मध्ये त्यांनी आपली धाकटी बहीण कॅरोलाइन हिला हॅनोव्हरहून बाथला आणले. बालपणीच्या आजारामुळे कॅरोलाइन यांची उंची खुंटली होती आणि घरकामापलीकडे त्यांचे काही भवितव्य नाही असे घरात गृहीत धरले जात असे. बाथला आल्यावर त्या गायन शिकल्या आणि लवकरच भावाच्या खगोलीय कार्यातील सहकारी झाल्या.

दुर्बिणींची निर्मिती

संगीतशास्त्राच्या अभ्यासातून हर्षल गणिताकडे, गणितातून प्रकाशशास्त्राकडे आणि तेथून खगोलशास्त्राकडे वळले. चांगल्या दुर्बिणी विकत घेणे परवडण्यासारखे नसल्याने १७७३ पासून त्यांनी स्वतःच आरसे घडविण्यास आरंभ केला. त्या काळी दुर्बिणीचे आरसे काचेचे नसत. तांबे व कथील यांच्या मिश्रधातूची चकती ओतून ती तासन् तास घासावी लागे. घासताना मध्येच हात थांबला तर पृष्ठभाग बिघडत असे. अशा वेळी कॅरोलाइन त्यांना घास भरवीत.

१७८१ च्या ऑगस्टमध्ये एक मोठा आरसा ओतत असताना साचा गळू लागला. वितळलेला धातू तळघरातील फरशीवर सांडला आणि उष्णतेने फरशीचे दगड फुटून उडाले. हर्षल, त्यांचे बंधू अलेक्झांडर आणि कारागीर जीव वाचवून बाहेर पळाले. या अपघातानंतरही त्यांनी आरसे ओतण्याचे काम सोडले नाही.

युरेनसचा शोध

१३ मार्च १७८१ च्या रात्री बाथ येथील आपल्या घराच्या बागेतून हर्षल ७ फूट लांबीच्या दुर्बिणीने ताऱ्यांची क्रमवार पाहणी करीत होते. वृषभ व मिथुन राशींच्या सीमेजवळ त्यांना एक असा बिंदू दिसला, की जो इतर ताऱ्यांप्रमाणे केवळ ठिपका न दिसता लहानशा चकतीसारखा दिसत होता. काही दिवसांनी तो जागेवरून सरकल्याचेही आढळले. हा धूमकेतू असावा, असे प्रथम त्यांना वाटले. अँडर्स लेक्सेल आदी गणितज्ञांनी कक्षेचे गणित केल्यावर तो शनीच्याही पलीकडील ग्रह असल्याचे निश्चित झाले. प्राचीन काळापासून शनी हीच ग्रहमालेची सीमा मानली जात होती. ती सीमा या शोधाने ओलांडली गेली.

त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक देऊन सदस्यत्व बहाल केले. हर्षल यांनी राजे तिसरे जॉर्ज यांच्या सन्मानार्थ ग्रहाचे नाव सुचविले, परंतु इतर देशांतील ज्योतिर्विदांना ते रुचले नाही. फ्रान्समध्ये काही काळ 'हर्षल' हे नाव चालले. अखेर योहान बोडे यांनी सुचविलेले युरेनस हे नाव सर्वमान्य झाले.

१७८२ मध्ये राजांनी त्यांना वार्षिक २०० पौंड वेतन दिले. संगीतातून मिळणाऱ्या उत्पन्नापेक्षा ही रक्कम कमी होती. तरीही त्यांनी संगीताचा व्यवसाय सोडला आणि दुर्बिणी बनवून विकण्यावर उरलेला खर्च भागविला. १७८७ पासून कॅरोलाइन यांनाही वार्षिक ५० पौंड वेतन मिळू लागले. वैज्ञानिक कार्यासाठी वेतन मिळालेल्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते.

आकाशाची पाहणी

विंडसरच्या राजवाड्याजवळ राहावे, म्हणून हे भावंड प्रथम डॅचेट येथे आणि १७८६ मध्ये स्लाऊ येथे स्थायिक झाले. २० फूट लांबीच्या दुर्बिणीने हर्षल रात्रभर आकाश न्याहाळीत, तर कॅरोलाइन घड्याळ पाहून त्यांनी सांगितलेली निरीक्षणे लिहून घेत आणि दिवसा त्यांचे गणित करीत. १७८३ च्या अखेरच्या रात्री बर्फात धावताना कॅरोलाइन यांच्या मांडीत लोखंडी आकडा रुतून मोठी जखम झाली. तरीही निरीक्षणांचा क्रम पुढे चालू राहिला. या परिश्रमांतून सुमारे २,५०० तेजोमेघ व तारकागुच्छ यांच्या याद्या १७८६, १७८९ आणि १८०२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. कॅरोलाइन यांनी स्वतंत्रपणे आठ धूमकेतू शोधले.

१७८७ मध्ये हर्षल यांना युरेनसचे टायटेनिया व ओबेरॉन हे दोन उपग्रह आढळले. सूर्य ग्रहमालेसह शौरी तारकासमूहाच्या दिशेने जात आहे, हे त्यांनी १७८३ मध्ये दाखवून दिले. १७८५ मध्ये ताऱ्यांची मोजणी करून आकाशगंगेच्या आकाराचा आराखडा त्यांनी मांडला. जवळजवळ दिसणाऱ्या काही ताऱ्यांच्या जोड्या खरोखरच एकमेकांभोवती फिरतात, हा त्यांचा १८०३ मधील निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे. गुरुत्वाकर्षणाचा नियम ग्रहमालेबाहेरही लागू पडतो, याचा तो पुरावा ठरला.

राजांच्या सुमारे ४,००० पौंडांच्या अनुदानातून १७८९ मध्ये ४० फूट लांबीची दुर्बीण पूर्ण झाली. तिच्या आरशाचा व्यास ४८ इंच होता आणि पुढील सुमारे अर्धशतक ती जगातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. याच सुमारास शनीचे एन्सेलाडस व मिमास हे उपग्रह त्यांना आढळले. तथापि ही दुर्बीण अपेक्षेप्रमाणे उपयोगी पडली नाही. तिचा आरसा लवकर काळवंडे, थंडीत त्यावर दव जमे आणि तिला वळविण्यास मदतनीस लागत. हर्षल यांचे बहुतेक महत्त्वाचे कार्य लहान दुर्बिणीनेच झाले.

त्यांची सर्वच मते काळाच्या कसोटीला उतरली नाहीत. सूर्याच्या तेजस्वी आवरणाखाली थंड भूमी असून तेथे वस्ती असावी, असे ते मानीत.

अवरक्त किरणांचा शोध

सूर्याचे निरीक्षण करताना डोळ्यांच्या संरक्षणासाठी हर्षल रंगीत काचा वापरीत. काही काचांतून उजेड कमी येत असूनही उष्णता अधिक जाणवते, तर काहींच्या बाबतीत उलट घडते, असे त्यांच्या ध्यानात आले. निरनिराळ्या रंगांबरोबर येणारी उष्णता सारखी नसावी, अशी शंका घेऊन १८०० साली त्यांनी प्रयोग केला.

लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट मेजावर पाडून एका रंगात त्यांनी काळ्या केलेल्या फुग्याचा तापमापक ठेवला. तुलनेसाठी आणखी तापमापक वर्णपटाच्या बाहेर ठेवले. जांभळ्या रंगाकडून तांबड्या रंगाकडे जाताना तापमान वाढत गेले. पुढे तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना कोणताच प्रकाश दिसत नव्हता, तेथेही तापमापक ठेवला असता पारा सर्वाधिक चढला. डोळ्यांना न दिसणारे किरण सूर्यापासून येतात, हे यावरून सिद्ध झाले.

हे किरण प्रकाशाप्रमाणेच परावर्तित व वक्रीभूत होतात, हेही त्यांनी पुढील प्रयोगांनी दाखविले. मात्र निरनिराळे पदार्थ प्रकाश व उष्णता वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात असे आढळल्याने, ही दोन भिन्न तत्त्वे असावीत या निष्कर्षाकडे ते झुकले. दोन्ही एकाच जातीची प्रारणे असून फरक केवळ तरंगलांबीचा आहे, हे पुढच्या पिढीतील शास्त्रज्ञांनी स्पष्ट केले. 'अवरक्त' या अर्थाची संज्ञाही हर्षल यांच्यानंतरची आहे.

उत्तरायुष्य

१७८८ मध्ये मेरी पिट यांच्याशी हर्षल यांचा विवाह झाला. त्यांचे पुत्र जॉन (जन्म १७९२) यांनी पुढे दक्षिण आफ्रिकेत जाऊन दक्षिण गोलार्धातील आकाशाची पाहणी पूर्ण केली. नातू विल्यम जेम्स हर्षल यांनी बंगालमध्ये मुलकी अधिकारी असताना ओळख पटविण्यासाठी बोटांच्या ठशांचा वापर सुरू केला. १८१६ मध्ये विल्यम हर्षल यांना सरदारकी मिळाली. १८२१ मध्ये ते लंडनच्या खगोलशास्त्रीय संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. २५ ऑगस्ट १८२२ रोजी स्लाऊ येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर कॅरोलाइन हॅनोव्हरला परतल्या. १८२८ मध्ये या संस्थेचे सुवर्णपदक त्यांना मिळाले आणि १८४८ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हर्षल अवकाश वेधशाळा

अवरक्त किरणांनी आकाश पाहण्यात दोन अडचणी आहेत. पृथ्वीच्या वातावरणातील बाष्प हे किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेते. शिवाय प्रत्येक उबदार वस्तू स्वतःच असे किरण बाहेर टाकते. त्यामुळे दुर्बीण आणि तिचे संवेदक थंड नसतील तर त्यांच्याच उष्णतेत दूरच्या थंड मेघांची क्षीण प्रारणे हरवून जातात. म्हणून अशी दुर्बीण वातावरणाबाहेर न्यावी लागते आणि द्रवरूप हेलियमने तिची उपकरणे थंड ठेवावी लागतात. १९८३ मध्ये अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून सोडलेला 'आयरास' हा उपग्रह या प्रकारचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न होता. दहा महिन्यांत हेलियम संपेपर्यंत त्याने बहुतेक सर्व आकाशाची पाहणी केली.

यापुढचा मोठा टप्पा म्हणजे युरोपीय अवकाश संस्थेची अवरक्त वेधशाळा. अवरक्त किरणांच्या शोधास २०० वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, म्हणजे २००० मध्ये, तिला हर्षल यांचे नाव देण्यात आले. तिच्या ३.५ मीटर व्यासाच्या आरशासाठी सिलिकॉन कार्बाइडचे १२ भाग फ्रान्समध्ये तयार करून जोडण्यात आले, तर त्याला पैलू व चकाकी फिनलंडमध्ये देण्यात आली. तिच्यावरील तीन उपकरणांचे नेतृत्व अनुक्रमे नेदरलँड्स, जर्मनी आणि ब्रिटनमधील संस्थांकडे होते. अमेरिकेच्या नासा संस्थेने संवेदक व अन्य महत्त्वाचे भाग पुरविले. प्रत्येक उपकरणामागे अनेक देशांतील संस्थांचा समूह होता.

१४ मे २००९ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना येथून 'प्लांक' या दुसऱ्या वेधशाळेसह तिचे एकाच अग्निबाणाने उड्डाण झाले. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख कि.मी. अंतरावरील स्थानी तिला ठेवण्यात आले. आरसा अवकाशाच्या थंडीनेच उणे १८८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहत असे. उपकरणांसाठी २,३०० लिटरहून अधिक द्रव हेलियम नेले होते आणि काही संवेदक निरपेक्ष शून्यापेक्षा केवळ ०.३ अंश वर ठेवले जात. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एक उपकरण बंद पडले. कारणाचा शोध घेऊन जानेवारी २०१० मध्ये राखीव यंत्रणेवर ते पुन्हा सुरू करण्यात आले.

नवे तारे जन्मतात तेथील वायूचे लांबच लांब धागे, मृग नक्षत्रातील तेजोमेघात ऑक्सिजनचे रेणू, हार्टली-२ या धूमकेतूवरील पाण्याचे पृथ्वीच्या सागरजलाशी असलेले साम्य आणि सेरेस या बटुग्रहाभोवतीची पाण्याची वाफ ही या वेधशाळेची काही ठळक फलिते होत. मृगातील याच तेजोमेघाचे निरीक्षण हर्षल यांनी १७७४ मध्ये आपल्या नोंदवहीच्या आरंभी लिहून ठेवले होते. सेरेससारख्या खगोलांसाठी लघुग्रह या अर्थाची संज्ञाही १८०२ मध्ये त्यांनीच रूढ केली. वेधशाळेच्या उपकरणांची मापे तपासण्यासाठी युरेनसच्या प्रारणाचाही उपयोग करण्यात आला. २९ एप्रिल २०१३ रोजी हेलियम संपले आणि निरीक्षणे थांबली. तिची माहिती जगभरातील अभ्यासकांसाठी खुली आहे.

भारतातील संशोधन

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सें.मी. व्यासाची अवरक्त दुर्बीण तयार करून ती हैदराबादहून महाकाय फुग्यांच्या साहाय्याने वातावरणाच्या वरच्या थरांत पाठविली. तिचे संवेदकही द्रव हेलियमच्या साहाय्याने निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड केले जात. जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने तिच्यावर वर्णपटमापक बसवून तारकानिर्मितीच्या प्रदेशांतील आयनीभूत कार्बनची पाहणी करण्यात आली. स्लाऊ येथे मेजावर ठेवलेल्या तापमापकापासून सुरू झालेल्या अभ्यासाची ही महाराष्ट्रातील शाखा होय.