दुडकीचा घोडा घडवणारा काउंट ओर्लोव

घोडा कसा पळतो हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. एक चाल भरधाव, चौखूर उधळण्याची. दुसरी दुडकी. दुडकीत पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय बरोबर उचलला जातो, मग उरलेली जोडी, आणि सगळं एका ठेक्यात. भरधाव घोडा वेगाला सरस खरा, पण गाडीला जुंपला की हिसके बसतात आणि घोडा लवकर दमतो. दुडकीचा घोडा गाडी एकसारखी ओढतो, लांबच्या वाटेवर टिकतो. अडचण एवढीच, की जास्त हाकला तर तो दुडकी सोडून उधळतो. मग चाल न मोडता जबर वेग घेईल आणि कोसच्या कोस तो टिकवील असा घोडा पैदा करता येईल का? या एका प्रश्नापायी रशियातल्या एका सरदाराने आयुष्याची शेवटची तीस वर्षे घातली. त्याचं नाव काउंट अलेक्सेई ग्रिगोर्येविच ओर्लोव.

हा मनुष्य काही साधा पशुपालक नव्हे. जन्म १७३७ चा. पाच भाऊ, सगळे धिप्पाड. अलेक्सेई फौजेत होता. इकडे पानिपत झालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १७६२ मध्ये, ओर्लोव बंधूंनी रशियाचा बादशहा तिसरा पीटर याला गादीवरून उतरवून त्याची राणी कॅथरीन हिला गादीवर बसवलं. पदच्युत पीटर थोड्याच दिवसांत कैदेत मेला. त्याच्यावर पहारा होता तो याच अलेक्सेईचा. त्या मरणाचा संशय त्याच्या नावाला कायमचा चिकटला, आणि तो निराधार होता असं म्हणता येत नाही. पुढे १७७० मध्ये चेस्मे इथे त्याच्या हुकमतीखालच्या आरमाराने तुर्कांचं आरमार जाळलं. राणी खूष झाली, चेस्मेन्स्की हा किताब मिळाला. १७७५ मध्ये तो नोकरीतून मोकळा झाला. वय अवघं अडतीस. इनाम, पैसा, हाताखाली शेकडो भूदास, कशाची ददात नव्हती.

असा माणूस बहुधा ऐषारामात बुडतो. हा घोड्यांत बुडाला.

तुर्कांशी लढताना त्याने अरबी घोडे जवळून पाहिले होते. त्यातला एक नर त्याने विकत घेतला, किंमत साठ हजार रूबल म्हणून सांगतात. त्या काळी ही रक्कम ऐकून लोकांनी तोंडात बोटं घातली असतील. रंग जवळजवळ पांढरा, म्हणून नाव ठेवलं स्मेतांका. स्मेताना म्हणजे रशियन लोकांची आंबट साय. असा मोलाचा घोडा जहाजावर चढवायची जोखीम नको म्हणून त्याला पायी आणायचं ठरलं. तुर्कस्तान, हंगेरी, पोलंड असा रस्ता करत, मोतद्दारांच्या पहाऱ्यात, रोज थोडं थोडं चालवत, जवळजवळ दोन वर्षांनी घोडा रशियात पोचला. आणि १७७७ मध्ये, एक हंगाम होतो न होतो तोच, मेला.

आता बघा, साठ हजार गेले आणि मागे राहिली पाच शिंगरं. चार नर, एक मादी. दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावून गप्प बसला असता. ओर्लोवने त्या पाचांवरच पुढचं सगळं उभं केलं.

त्यातल्या एका नराचं नाव पोल्कान. त्याची आई डॅनिश घोडी, हाडापेराने मोठी. पोल्कान देखणा निघाला, पण दुडकी हवी तशी नव्हती. तेव्हा ओर्लोवने हॉलंडमधून घोड्या आणवल्या. पाय उचलून दमदार दुडकी टाकण्याबद्दल हॉलंडच्या घोड्यांची तेव्हा ख्याती होती. पोल्कान आणि एक डच घोडी यांचं शिंगरू १७८४ मध्ये जन्मलं. रंग सब्जा, नाव बार्स. हिशोब मांडला तर चार आणे अरबी, चार आणे डॅनिश, आठ आणे डच. अरबी रक्ताचा देखणेपणा आणि दम, डॅनिश घोडीचा थोर बांधा, डच घोडीची चाल, असं तिन्हीकडचं एका अंगात आलं. ओर्लोव दुडकी घोड्यांची अख्खी जात या एका बार्सच्या वंशातून पसरलेली आहे.

हे काम चाललं ते व्होरोनेझ प्रांतातल्या ख्रेनोवोये गावी. राणीने १७७६ मध्ये तिथली विस्तीर्ण गवताळ जमीन त्याला दिली होती. भरपूर चराई, पाणी बित्युग नदीचं. मॉस्कोजवळच्या पागेतले घोडे त्याने १७७८ मध्ये तिकडे हलवले. कोणती घोडी कोणत्या नराला दाखवली, शिंगरू कसं निपजलं, याच्या नोंदी ठेवल्या जात. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाची नोंदवही असते ना, तसलाच प्रकार, फक्त सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा.

पण माझ्या मते ओर्लोवची खरी अक्कल नोंदवहीत नाही, रस्त्यावर दिसते. घोडा कितीही देखणा असो, बाप कितीही नामांकित असो, गाडीला जुंपून चारचौघांपुढे पळवून दाखवल्याशिवाय तो त्याला पैदाशीला लावत नसे. थोड्या पल्ल्यावर वेग बघायचा आणि लांब पल्ल्यावर दम. बार्सलासुद्धा सात वर्षांचा होईपर्यंत थांबावं लागलं, मगच त्याच्यापुढे घोड्या आल्या. सात वर्षं! आपल्याकडे गोऱ्हा जरा अंगाने भरला की मालकाला घाई होते, नाही का?

हिवाळ्यात मॉस्क्वा नदी गोठली की त्या बर्फावर घोड्यांचं हे दाखवणं चाले. हलकी घसरगाडी, तिला एक घोडा, दोन्ही हातांत लगाम धरून स्वतः काउंट हाकायला. घसरगाडीला बर्फावर फारसा विरोध नसतो, त्यामुळे घोड्याची मूळ चाल उघडी पडते. चाल मोडून घोडा उधळला तर हाकणाऱ्याने त्याला आवरून पुन्हा दुडकीवर आणायचं. दुडकीच्या शर्यतीत आजही हाच नियम आहे, उधळून पुढे काढलेलं अंतर धरत नाहीत. सगळी परीक्षा हातांची असते. लगाम ढिला सोडला तर घोडा उधळतो, फार ओढला तर आखडतो.

उन्हाळ्यात दोन्स्कोये मैदानावर लोक जमत. तिथे काउंट स्विरेपी नावाच्या आपल्या आवडत्या घोड्यावर भरजरी खोगीर चढवून येई. सोबत मुलगी आना, तीही उत्तम स्वार. खोगिराखालच्या कामासाठी त्याने अरबी आणि इंग्लिश रक्ताची जात वेगळी राखली होती. गाडीचा घोडा आणि बसायचा घोडा यांची सरमिसळ त्याने होऊ दिली नाही, कारण ओढणाऱ्याचा खांदा वेगळा आणि स्वाराला हवी ती लवचीक पाठ वेगळी. दुडकीवर बसलेल्या स्वाराला रिकिबीत एकाआड एक ठेक्याला उठावं-बसावं लागतं, नाहीतर कंबर मोडते. ज्यांनी घोडं वापरलंय ते सांगतीलच.

त्याचा एक नियम मात्र आपल्याला सहज पटणार नाही. पागेतून बाहेर विकायचा नर खच्ची केल्याशिवाय सोडायचा नाही. पैशाची लालूच दाखवा, ओळख सांगा, उपयोग नाही. जात निर्भेळ राहिली ती यामुळे, हे खरं. पण गावोगावच्या शेतकऱ्याच्या घोडीला त्या रक्ताचा थेंब मिळाला नाही, हेही खरं. सुधारणा एका वाड्यात कोंडून ठेवायची की नाही, हा प्रश्न वळू सांभाळणाऱ्या कोणालाही आज पडतोच.

१७९६ मध्ये कॅथरीन वारली आणि तिसऱ्या पीटरचा मुलगा पॉल गादीवर आला. त्याने बापाची शवपेटी उकरून इतमामाने पुन्हा पुरली, आणि त्या मिरवणुकीत पीटरचा मुकुट हातात घेऊन चालायला लावलं ते याच ओर्लोवला. चौतीस वर्षांनी हिशोब चुकता झाला म्हणायचा. त्यानंतर ओर्लोव परदेशी निघून गेला तो पॉलच्या मृत्यूनंतर, १८०१ मध्येच परतला. १८०८ च्या जानेवारीत मॉस्कोला तो वारला. बार्सही त्याच साली गेला, चोवीस वर्षांचा होऊन.

पुढचं श्रेय ज्याला द्यायला हवं तो काउंट नव्हता, भूदास होता. वासिली शिश्किन त्याचं नाव. १८११ पासून सुमारे वीस वर्षे त्याने आनाच्या वतीने ख्रेनोवोयेची पागा सांभाळली. बार्सचं रक्त जुळवून घेत घेत जातीला पक्केपणा आणला तो त्याने. पुढे त्याला मुक्ती मिळाली, स्वतःची पागाही उभी केली. ज्या माणसाच्या डोक्यात सगळी वंशावळ होती, तो स्वतःच दुसऱ्याच्या मालमत्तेत मोजला जात होता, याचं वाईट वाटतं. याच पागेतल्या एका अबलख घोड्यावरून टॉलस्टॉयने कथा बेतली. उत्तम चालीचा, पण रंगामुळे नावडता आणि खच्ची केलेला घोडा. ती १८८६ मध्ये छापून आली.

मॉस्कोत १८३४ मध्ये दुडकी घोड्यांच्या शौकिनांनी संस्था काढली, शर्यती नियमाने भरू लागल्या. रशियाच्या त्रोइकेत, म्हणजे तीन घोड्यांच्या गाडीत, मधला घोडा दुडकीने चालतो आणि कडेचे दोघे भरधाव. मधली जागा ओर्लोव घोड्याची ठरून गेली. १८४५ मध्ये आनाने पागा सरकारला विकली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेचे दुडकी घोडे आले. ते थोड्या अंतरात जास्त वेगवान, त्यामुळे संकराची लाट आली आणि शुद्ध ओर्लोव मागे पडतो की काय अशी वेळ आली. तरी काही पागांनी हट्टाने शुद्ध वंश राखला. त्याच वंशातल्या कोवबॉय नावाच्या घोड्याने १९९१ मध्ये १६०० मीटर अंतर १ मिनिट ५७.२ सेकंदांत दुडकीने कापलं. ख्रेनोवोयेची पागा आजही चालू आहे, आणि तिथे अजून सब्ज्या रंगाची शिंगरं जन्मतात.