एस्पेरांतो : डोळ्यांच्या डॉक्टरने बनवलेली ‘ओपन सोर्स’ भाषा

फोनची भाषा बदलायला दोन-चार टॅप पुरतात. पण स्पेलिंग आणि व्याकरणासकट अख्खी नवी भाषाच बनवायची असेल तर? लुडविक झामेनहोफ यांनी हे काम कंप्युटर येण्याच्या कितीतरी आधी केलं. ड्युओलिंगोवर शिकता येणारी एस्पेरांतो ही त्यांचीच भाषा.

चार भाषांचं गाव

झामेनहोफ यांचा जन्म 15 डिसेंबर 1859 चा. गाव बियालिस्तोक, आज पोलंडमध्ये, तेव्हा रशियन साम्राज्यात. संध्याकाळी कात्रज चौकात जशी मराठी, हिंदी, कन्नड कानावर पडते, तशा तिथे यिडिश, पोलिश, रशियन आणि जर्मन ऐकू यायच्या. पण तिथे भाषेवरून माणसाचा गट ठरायचा आणि या गटांचं आपसात पटत नव्हतं. ज्यू घरातल्या या मुलाला वाटलं, कुणाच्याच मालकीची नसलेली एक भाषा असेल तर सगळे बरोबरीने बोलतील.

शाळेत असतानाच त्यांनी पहिला आराखडा केला. पुढे ते डॉक्टरकी शिकायला मॉस्कोला गेले, तेव्हा वडिलांनी त्यांचे कागद नष्ट केले असं सांगतात. पोराने या नादात करिअर घालवू नये, ही त्यांची काळजी. परतल्यावर झामेनहोफ यांनी सगळं पुन्हा उभं केलं.

1887 मध्ये वॉर्सातून पहिलं पुस्तक निघालं. खर्चाला होणाऱ्या सासऱ्यांचे पैसे कामी आले. लेखकाचं नाव होतं डॉ. एस्पेरांतो, म्हणजे आशा बाळगणारा. पुढे तेच भाषेचं नाव झालं.

व्याकरण कसं चालतं?

नियम फक्त 16. अक्षरं 28, आणि प्रत्येक अक्षराचा एकच उच्चार. म्हणजे जसं लिहाल तसंच वाचाल.

- नामाच्या शेवटी ‘ओ’, विशेषणाच्या शेवटी ‘आ’. अमिको म्हणजे मित्र, बोना म्हणजे चांगला.
- उलट अर्थासाठी आधी ‘माल’ लावा. मालबोना म्हणजे वाईट.
- जागा सांगायला ‘एय’ घाला. कुइरी म्हणजे स्वयंपाक करणं, कुइरेयो म्हणजे स्वयंपाकघर.
- मी स्क्रिबास म्हणजे मी लिहितो. हो, तिथेही ‘मी’च! लिहिलं असेल तर स्क्रिबिस, लिहिणार असेल तर स्क्रिबोस.

लिहितो, लिहिते, लिहितात असे बदल नाहीत. क्रियापदांना अपवाद नाहीत.

पण एक अडचण आहे. बहुतेक शब्द युरोपियन भाषांतून घेतलेत, त्यामुळे स्पॅनिश माणसाला ही भाषा आपल्यापेक्षा सोपी जाते. ‘पात्रो’ म्हणजे वडील आणि त्यालाच प्रत्यय लावून ‘पात्रिनो’ म्हणजे आई, यावरही टीका होते.

टोप्यांचा घोळ

सी, जी, एच, जे, एस या अक्षरांवर कधी कधी टोपी येते आणि यूवर अर्धचंद्र. छापखान्यांकडे असे खिळे नसायचे. मग झामेनहोफ यांनीच टोपीऐवजी पुढे एच लिहायची सोय दिली. ईमेलच्या काळात लोक एक्स लिहू लागले, कारण एक्स हे अक्षर या भाषेत नाहीच. युनिकोड आल्यावर हा प्रश्न सुटला. दुसऱ्याच्या कंप्युटरवर मराठी फाइल उघडली की अगम्य चिन्हं दिसायची, ते दिवस आठवणाऱ्यांना ही अडचण लगेच कळेल.

भाषेचा ‘फोर्क’

झामेनहोफ यांनी भाषेवरचा हक्क सुरुवातीलाच सोडला होता. सुधारणांची मागणी वाढली तेव्हा, 1894 मध्ये, त्यांनी वाचकांचं मत घेतलं. बहुमत बदलांच्या विरोधात गेलं. 1905 मध्ये फ्रान्समध्ये पहिलं जागतिक संमेलन भरलं आणि सुमारे 700 जण आले. वेगवेगळ्या देशांतली माणसं दुभाष्याशिवाय बोलत होती. त्याच वर्षी मूळ नियमांचं पुस्तक पक्कं करण्यात आलं, म्हणजे कुणी परस्पर बदल करू नयेत.

तरी 1907 मध्ये कात्रजचा घाट दाखवला गेलाच. जगासाठी एक भाषा निवडायला पॅरिसमध्ये समिती बसली. एस्पेरांतोची बाजू मांडायला लुई द बोफ्रों गेले. तिथे टोप्या काढून टाकणारा एक निनावी आराखडा आला आणि समितीला तो आवडला. पुढे बोफ्रों यांनी तो आपलाच असल्याचं सांगितलं! त्यातून ‘इदो’ ही वेगळी भाषा निघाली. बरेच पुढारी तिकडे गेले, पण सामान्य एस्पेरांतो बोलणारे बहुतेक जागेवरच राहिले. आज इदो जाणणारे फारच थोडे आहेत.

शेवट आणि नंतर

पहिलं महायुद्ध चालू असतानाच, 14 एप्रिल 1917 रोजी, झामेनहोफ वॉर्सात वारले. त्यांची तिन्ही मुलं, आदाम, झोफिया आणि लिदिया, पुढे नाझींच्या हातून मारली गेली. गटागटांतलं वैर भाषेने संपेल ही त्यांची आशा खरी ठरली नाही.

भाषा मात्र टिकली. एस्पेरांतो विकिपीडियावर आज मराठीपेक्षा जास्त लेख आहेत. ते लिहायला कुठलंही सरकार किंवा कंपनी मागे लागलेली नाही. आपल्याकडे मराठी बोलणारे कोट्यवधी आहेत आणि युनिकोड कीबोर्ड प्रत्येकाच्या खिशात आहे. मग आपले लेख कमी का, हे मात्र आपणच शोधायचं.