मुंबई किती तासांवर? जे. आर. डी. टाटा यांची ओळख

भारतात जायचे ठरले की आपल्या घरोघरी पहिला प्रश्न तिकिटाचा आणि दुसरा तासांचा. न्यूयॉर्क ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. ते काही कमी होत नाही. कमी झाले ते तास, आणि त्यात भारताच्या बाजूने सर्वांत मोठा वाटा जेआरडींचा.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसचा. वडील पारशी, आई फ्रेंच. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे ब्लेरिओ सुट्टीच्या गावी त्यांचे शेजारी होते. तिथेच विमानाचे वेड लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला, भारतात दिलेला पहिला.

१९३० साली इंग्लंड-भारत एकट्याने उड्डाण करण्याची आगाखान स्पर्धा झाली. कराचीहून निघालेले जेआरडी इजिप्तमध्ये उतरले, तर समोरून आलेले अस्पी इंजिनियर स्पार्क प्लगसाठी अडकून पडलेले! जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग त्यांना देऊन टाकला. बक्षीस अस्पींनी जिंकले.

इंग्लंडची टपाल विमाने तेव्हा कराचीपर्यंतच येत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमारे २५ किलो टपाल घेऊन जेआरडी स्वतः पुस मॉथ विमानातून निघाले. अहमदाबादला पेट्रोल भरून दुपारी दोनच्या आत जुहूला पोहोचले. पुढे मद्रासपर्यंतचे टपाल त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. विमानात रेडिओ नव्हता. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, मग सारा कारभार पुण्याला येरवड्यास हलवावा लागे.

८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत ते १० जूनला पोहोचले. प्रवाशांत जेआरडी होतेच. बोटीला जिथे आठवडे लागत, तिथे आता दोन दिवस पुरे झाले. मे १९६० मध्ये एअर इंडियाची जेट विमाने लंडनमार्गे न्यूयॉर्कला येऊ लागली.

पण वाढवलेले हे रोप त्यांचे राहिले नाही. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. त्यांना हे मान्य नव्हते, तरीही अध्यक्षपद स्वीकारून त्यांनी पंचवीस वर्षे सेवेचा दर्जा आणि वेळेची शिस्त सांभाळली. १९७८ मध्ये त्यांना त्या पदावरूनही दूर केले गेले. तरी उडणे सुटले नाही. १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी लहानशा विमानातून एकट्याने पुन्हा कराची-मुंबई उड्डाण केले!

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. ऑगस्ट २००७ मध्ये एअर इंडियाची मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा सेवा सुरू झाली, आणि २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी पुन्हा टाटांकडे आली. हे दोन्ही दिवस पाहायला ते नव्हते. आजारी आईवडिलांकडे दुसऱ्या दिवशी पोहोचता येते, या आपल्या भरवशाची सुरुवात मात्र त्या २५ किलो टपालापासून झाली.