घोडा वळला आणि फोटो झाला!

१९४४ चा हिवाळा. कॅलिफोर्नियातलं लोन पाईन गाव, समोर सिएरा नेवाडाची बर्फाळ शिखरं. ॲन्सेल ॲडम्सने सलग चार पहाटे तिथला सूर्योदय टिपायचा प्रयत्न केला. मनासारखा फोटो एकही नाही.

१९०२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला हा गडी खरंतर पियानोवादक व्हायचा. १४ व्या वर्षी योसेमिटीत कोडॅकचा साधा कॅमेरा हाती आला आणि डोंगरांनी त्याला ओढून घेतलं.

पण या भागात तो डोंगरांसाठी आलाच नव्हता. जवळच मान्झानारची छावणी होती. महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या हजारो लोकांना तिथं डांबलं होतं. ॲडम्स त्यांचे फोटो काढत होता. त्याचं पुस्तकही त्याच वर्षी आलं.

पाचवी पहाट. कॅमेरा गाडीच्या टपावर, कडाक्याच्या थंडीमुळे ॲडम्स गाडीच्या आत. उजाडायला लागलं तसा तो वर चढला. कुरणात एक घोडा चरत होता, पण पाठ करून. दिसायला नुसता ओंडका! उन्हाची शेवटची तिरीप सरकत आली आणि घोडा आडवा वळला. खटॅक.

टेकडीवर शाळेच्या पोरांनी पांढऱ्या रंगात गावाची आद्याक्षरं काढलेली. ॲडम्सने ती फोटोतून पुसली. यावरून त्याला बोलणीही बसली. १९८४ साली तो गेला, पण अक्षरं काही त्याने परत आणली नाहीत.