विश्लेषण : श्रद्धा ठेवली की पैसा येतो का? पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात नेमकं काय घडलं?

बार्शीटाकळी : मनात शंका आणू नका, चांगलाच विचार करा, देवावर विश्वास ठेवा, मग पैसा, आरोग्य, घर सगळं मिळेल, असं सांगणारे व्हिडीओ रोज मोबाइलवर येऊन पडतात. असं सांगणारे सगळ्याच धर्मांत आहेत. ख्रिस्ती जगात या विचाराचा एक मोठा प्रवाह असून त्याला समृद्धीची शिकवण म्हटलं जातं. श्रद्धा आणि समृद्धी यांचा हा हिशेब महाराष्ट्रात एका बाईने आयुष्यभर तपासून पाहिला, तोही दोनदा. पहिल्यांदा तिच्या वाट्याला उपासमार आली. दुसऱ्यांदा दोन हजारांच्या आसपास मुली-बायकांची रोजची जेवणं निघाली. ही बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

श्रद्धेचा पहिला हिशेब कुठे चुकला?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ इथल्या जंगलात झाला. हा भाग आता कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा विरोध सहन करावा लागला. घरी जमीन, गुरं, शिकायला आलेले विद्यार्थी असं बऱ्यापैकी चाललं होतं. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पाहुणचारात आणि दानधर्मात पैसा संपला, कर्ज झालं. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने घर सोडलं. पुढची वर्षं तीर्थयात्रा आणि पुराण सांगणं यातच गेली.

रमाबाईंनी पुढे दुष्काळाच्या आठवणी लिहिल्या. त्यात आई-वडिलांविषयी राग नाही, पण हिशेब स्पष्ट मांडलेला आहे. हातात होतं ते दान केलं, व्रतं केली, जप केला. देव प्रसन्न होईल आणि गेलेलं वैभव परत देईल, हा विश्वास पक्का होता. त्यामुळे पोटासाठी दुसरं कोणतं काम शोधलं गेलं नाही आणि मुलांना पोट भरता येईल असं काही शिकवलंही गेलं नाही. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. भांडीकुंडी, दागिने विकले गेले. झाडपाला खाऊन दिवस काढावे लागले. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई गेली आणि त्यानंतर मोठी बहीण.

उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी फिरले. पंजाबात झेलमच्या काठी अंगावर पुरेसं पांघरूण नव्हतं. तेव्हा वाळूत खड्डे करून त्यात स्वतःला पुरून घेत त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या.

१८७८ मध्ये दोघं कोलकात्याला पोहोचले. वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकून तिथले विद्वान थक्क झाले आणि त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बंगालमधले वकील बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी आंतरजातीय लग्न केलं. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचं कॉलऱ्याने निधन झालं. वयाच्या तेविसाव्या वर्षी विधवा, पदरी तान्हं मूल आणि माहेर उरलेलं नाही.

ख्रिस्ती धर्माकडे त्या पैशासाठी वळल्या का?

हा आरोप त्यांच्या हयातीतही झाला. घटनाक्रम मात्र वेगळं सांगतो. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केल्यावर त्या वैद्यकीय शिक्षणासाठी १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. ऐकायला कमी येत असल्याने डॉक्टर होणं राहून गेलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही तिथल्या चर्चच्या वरिष्ठांशी त्यांचे सतत मतभेद झाले. त्यांनी काय शिकवावं, कुणाला शिकवावं, कशावर विश्वास ठेवावा हे ठरवण्याचा अधिकार कुणाला, यावरून पत्रांतून वाद रंगले. पैशासाठी आलेली व्यक्ती पैसा देणाऱ्यांशी इतकं भांडत नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. त्याच शहरात तेव्हा रसेल कॉनवेल नावाचे एक बाप्टिस्ट पाद्री गाजत होते. श्रीमंत होणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्यच आहे, अशा आशयाचं त्यांचं व्याख्यान पुढे हजारो वेळा झालं. १८९७ मध्ये राल्फ वॉल्डो ट्राइन यांचं ‘इन ट्यून विथ द इन्फिनिट’ हे पुस्तक आलं. मनातला विचारच आयुष्य घडवतो, असं सांगणारं हे पुस्तक तडाखेबंद खपलं. १९५२ मधलं नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचं सकारात्मक विचारांच्या शक्तीवरचं प्रसिद्ध पुस्तक याच परंपरेतलं. म्हणजे आज मोबाइलवर दिसणारा माल नवा नाही. रमाबाईंच्या काळात तो अमेरिकेत तयार होत होता.

रमाबाईंनी अमेरिकेतून आणलं ते वेगळंच. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहून, गावोगाव व्याख्यानं देऊन त्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. बोस्टनमध्ये डिसेंबर १८८७ मध्ये अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षं खर्च उचलण्याचं कबूल केलं. त्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं.

मग श्रद्धेवर संस्था चालवण्याचा विचार कुठून आला?

१८९१ च्या सुमाराला रमाबाईंच्या मनात मोठा बदल झाला. आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला भेटलेला नाही, असं त्यांना वाटू लागलं होतं. ती अस्वस्थता संपल्याचं त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. त्यानंतर त्यांच्या वाचनात तीन चरित्रं आली. चीनमधल्या एका मिशनची कहाणी, जॉन पेटन या मिशनऱ्याचं चरित्र आणि जॉर्ज म्यूलर यांचा वृत्तांत. यातले म्यूलर महत्त्वाचे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात त्यांनी मोठी अनाथालयं चालवली. वर्गणी मागायची नाही, कर्ज काढायचं नाही, गरज फक्त प्रार्थनेत सांगायची, हा त्यांचा नियम होता. अशी हजारो मुलं तिथे वाढली. हे भारतात जमेल का, हा प्रश्न रमाबाईंच्या डोक्यात बसला.

इकडे १८९३ मध्ये शारदा सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून पुण्यात वादळ उठलं. धर्माबाबत तटस्थ राहण्याचं आश्वासन मोडलं, असा आक्षेप होता. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार समितीतून बाहेर पडली. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आक्षेपात तथ्य नव्हतं असं म्हणता येत नाही. विश्वास टाकून पोरी पाठवणाऱ्या घरांना फसवल्यासारखं वाटलं असणारच. पण यामुळे रमाबाईंच्या मागचा स्थानिक आधार जवळजवळ संपला, आणि अमेरिकेची दहा वर्षांची मुदतही १८९८ मध्ये संपणार होती.

इथे त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. त्या प्रार्थनेला बसल्या, आणि जमीनही पाहू लागल्या. पुण्यापासून साठेक किलोमीटरवर दौंडच्या वाटेवर केडगाव स्टेशनजवळ शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली. तिथे विहिरी खणायच्या, फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा बेत होता. विहीर लागेपर्यंत आणि झाड फळायला येईपर्यंत किती वर्षं जातात, हे संत्र्याच्या मुलखातल्या वाचकाला सांगायला नको.

दुष्काळाने काय बदललं?

बाग फळायच्या आत दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मरत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. रिलीफ कॅम्पमधल्या तरुण मुलींची अवस्था, त्यांना पळवून नेणारे दलाल, हे सगळं पाहून तीनशे मुलींना वाचवायचं त्यांनी ठरवलं. पैसा हाताशी नव्हता. असोसिएशनचा निधी शारदा सदनापुरता, म्हणजे उच्च जातीतल्या विधवांसाठी होता. दुष्काळातल्या मुली सगळ्या जातींच्या होत्या.

त्यातच पुण्यात प्लेग पसरला आणि सरकारने शहरात नवी गर्दी करायला मनाई केली. म्हणून मुलींना केडगावच्या उघड्या माळावर, तात्पुरत्या छपरांखाली ठेवावं लागलं. तेच पुढे मुक्ती सदन झालं. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी शेकडो मुली आल्या आणि आकडा दोन हजारांच्या जवळ गेला. आलेल्यांपैकी अनेकींना वाचवता आलं नाही. हाडांचा सापळा होऊन आलेल्या पोरी होत्या त्या.

खर्च कसा भागला? देणग्या आल्या. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या लोकांनी पाठवल्या. रमाबाईंच्या दृष्टीने हे प्रार्थनेचं उत्तर होतं. बाहेरून पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते. ‘मुक्ती प्रेअर बेल’ नावाचं पत्रक केडगावहून निघायचं आणि कामाची हकिगत जगभर पोहोचायची. हात पसरायचा नाही हा नियम खरा, पण गरज लोकांना कळत होती. म्यूलर यांचंही असंच होतं. त्यांचे छापील वार्षिक वृत्तांत दूरवर वाचले जायचे. दोघांचं श्रेय याने कमी होत नाही. नुसत्या मनातल्या विचाराने पैसा आला नाही, एवढंच यातून दिसतं.

आणि दुसरी बाजू कष्टांची होती. केडगावात शेती, दूधदुभतं, विणकाम, तेलाचा घाणा, बेकरी, छापखाना असं सगळं चालायचं आणि ते मुलीच चालवायच्या. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं जायचं. ज्या घरात रमाबाईंना पोट भरायचं एकही काम शिकवलं गेलं नव्हतं, त्या घराचा धडा त्या विसरल्या नव्हत्या.

वऱ्हाडचा यात काय संबंध?

काळ्या मातीच्या आणि कापसाच्या वऱ्हाडाला दुष्काळ माहीत नाही, अशी समजूत होती. १८९९-१९०० ने ती मोडली. त्या काळात बार्शीटाकळीपासून जेमतेम वीस किलोमीटरवरच्या अकोल्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकी मिशनचं केंद्र होतं. तिचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन हे, श्रद्धेने आजार बरे होतात, असं शिकवणाऱ्यांपैकी प्रमुख. याच मिशनच्या जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या हालअपेष्टांवर १९०० मध्ये इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याची प्रस्तावना रमाबाईंची आहे.

समृद्धीच्या शिकवणीशी नातं आहे की नाही?

थोडं आहे आणि ते गमतीशीर आहे. १९०५ मध्ये मुक्तीतल्या मुलींमध्ये प्रार्थनेची मोठी लाट आली. तिथल्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी त्यावर पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेत चिलीपर्यंत पोहोचली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीला तिने चालना दिली. याच पेंटेकॉस्टल प्रवाहाच्या काही शाखांतून विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेत, श्रद्धा ठेवा आणि श्रीमंत व्हा, ही शिकवण वाढली. म्हणजे तिच्या दूरच्या पूर्वजांमध्ये केडगावही मोजावं लागतं.

पण या शिकवणीत एक वाक्य न बोलता दडलेलं असतं. पैसा आला नाही किंवा आजार गेला नाही, तर दोष तुमच्या श्रद्धेचा. कर्जात बुडालेल्या, घरात आजारी माणूस असलेल्या वाचकाला हे सगळ्यात जास्त लागतं. या मोजमापाने रमाबाई सपशेल नापास ठरतील. त्यांचा बहिरेपणा कधी गेला नाही. संस्थेची वारस म्हणून तयार केलेली एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. लाखो रुपये हातातून गेले, पण स्वतःची राहणी पांढरं लुगडं आणि शाकाहारी जेवण एवढीच राहिली.

शेवटची बरीच वर्षं त्यांनी सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी ही कामं मुक्तीच्याच मुलींनी केली. सरकारने १९१९ मध्ये कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावात रमाबाईंचं निधन झालं आणि ते बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर पडलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे.