विश्लेषण : तीन ऑलिम्पिक अंतिम सामने आणि एकच गोल... गोलरक्षक शंकर लक्ष्मण कोण होते?

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताने हॉकीचे कांस्यपदक जिंकले आणि गोलरक्षक पी. आर. श्रीजेशने निवृत्ती घेतली. त्याची १६ क्रमांकाची जर्सी यापुढे वरिष्ठ संघात कुणाला द्यायची नाही, असे हॉकी इंडियाने जाहीर केले. हा सोहळा मोबाइलवर पाहणाऱ्या अनेकांनी शंकर लक्ष्मण हे नाव कदाचित ऐकलेही नसेल. १९५६, १९६० आणि १९६४ अशा सलग तीन ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यांत भारताचा गोल त्यांनी सांभाळला. तिन्ही वेळा समोर पाकिस्तान होता. तीन सामन्यांत मिळून त्यांच्यावर एकच गोल झाला आणि त्या एका गोलाने भारताचे सुवर्णपदक गेले.

लष्करी बँडमधला मुलगा हॉकीत कसा आला?

शंकर लक्ष्मण यांचा जन्म ७ जुलै १९३३ चा, इंदूरजवळच्या महू या छावणीच्या गावातला. होळकरांच्या राज्यामुळे या परिसरात मराठी कानाला परकी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जन्मस्थान म्हणून महू आपल्याला ठाऊक असते. ऑलिम्पिक विजेत्या गोलरक्षकाचे गाव म्हणून ते फारसे कुणी सांगत नाही. महूला लागूनच असलेल्या कोदरिया गावात शंकर लक्ष्मण आधी फुटबॉल खेळत. १९४७ मध्ये, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, ते लष्करात बँडवादक म्हणून दाखल झाले. पलटण होती मराठा लाइट इन्फंट्री.

मावळातल्या आणि सातारा-कोल्हापूरकडच्या गावांत या रेजिमेंटची ओळख करून देण्याची गरज नाही. १७६८ मध्ये मुंबईत उभारलेल्या शिपायांच्या पलटणीपासून तिचा इतिहास सुरू होतो आणि तिचे केंद्र बेळगावला आहे. लष्करात खेळांना मान होता, वेळ मिळत होता, मैदाने होती. बँडमधला हा मुलगा तिथे हॉकीकडे वळला आणि गोलरक्षक झाला. फुटबॉलची सवय इथे कामी आली असणार. हॉकीत चेंडू पायाने अडवण्याची आणि मारण्याची मुभा फक्त गोलरक्षकाला असते, तीही आपल्या वर्तुळात. बाकीच्यांचा पाय चेंडूला लागला की फाऊल.

मेलबर्नमध्ये काय घडले?

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला भारत गेला तो सलग पाच सुवर्णपदके खिशात घेऊन. कर्णधार होते बलबीर सिंग. अफगाणिस्तानवर १४, अमेरिकेवर १६ आणि सिंगापूरवर ६ असे गोल झाले. अशा सामन्यांत गोलरक्षकाला फारसे काम नसते. खरी परीक्षा उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध आणि अंतिम फेरीत पाकिस्तानविरुद्ध होती. दोन्ही सामने भारताने १-० असेच जिंकले. अंतिम सामन्यातला गोल रणधीर सिंग जेंटल यांनी पेनल्टी कॉर्नरवर केला. भारताने स्पर्धेत ३८ गोल केले आणि भारतावर एकही झाला नाही.

एकही गोल न स्वीकारता ऑलिम्पिक जिंकण्याचा पराक्रम भारताने याआधी १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅमला केला होता. तेव्हाचे गोलरक्षक रिचर्ड ॲलन मूळचे नागपूरच्या जन्माचे. पण त्या वेळी भारताला तोडीचा प्रतिस्पर्धी नव्हता. १९५६ मध्ये पाकिस्तान होता, आणि त्या संघाला भारतीय हॉकी आतून-बाहेरून माहीत होती. फाळणीआधी सगळे एकाच मैदानावर घडले होते. दोन वर्षांनी टोक्योच्या आशियाई स्पर्धेत भारत-पाकिस्तान सामना ०-० असा सुटला आणि गोलसरासरीच्या हिशेबावर सुवर्णपदक पाकिस्तानला गेले. शंकर लक्ष्मण यांच्यावर गोल झाला नाही, तरी पदक रौप्यच.

रोमचा गोल एवढा का बोचला?

९ सप्टेंबर १९६०. रोम ऑलिम्पिकचा अंतिम सामना. लेस्ली क्लॉडियस यांच्या नेतृत्वाखालचा भारत उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला आणि उपांत्य फेरीत ब्रिटनला १-० असे नमवून इथवर आला होता. म्हणजे बाद फेरीतले दोन्ही सामने एकेका गोलावर तरले होते आणि मागची बाजू पूर्ण बंद होती. अंतिम सामन्यात पहिल्याच सत्रात पाकिस्तानच्या नसीर बुंदा यांनी गोल केला. उरलेला सगळा वेळ भारत बरोबरीच्या गोलासाठी धडपडला. तो झाला नाही.

१९२८ पासून ऑलिम्पिक हॉकीत भारत एकही सामना हरला नव्हता. ही मालिका त्या दिवशी संपली. आघाडीच्या खेळाडूंनी गोल केला नाही, हे खरे कारण. पण हॉकीच्या इतिहासात लिहिले जाते ते झालेल्या गोलाबद्दल, आणि तो गोल कुणावर झाला याबद्दल. गोलरक्षकाच्या नशिबी हा हिशेब कायमचाच असतो.

मुखवटा नसताना गोल कसा सांभाळत?

रोमच्या दहा महिने आधी, १ नोव्हेंबर १९५९ रोजी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आइस हॉकीतली एक प्रसिद्ध घटना घडली. माँट्रियल कॅनेडियन्स या व्यावसायिक संघाचे गोलरक्षक जॅक प्लांट यांच्या चेहऱ्यावर अँडी बाथगेट यांचा फटका बसला. टाके घालून परतताना प्लांट यांनी मुखवट्याशिवाय उतरायला नकार दिला. मुखवटा लावला तर नीट दिसणार नाही, शिवाय घाबरट ठरशील, असे तेव्हाचे मत होते. प्रशिक्षकाची इच्छा नव्हती, पण बदली गोलरक्षक नसल्याने त्यांचा नाइलाज झाला. पुढे आइस हॉकीत मुखवटा रूढ झाला.

बर्फावरच्या हॉकीचा गोल १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच. मैदानी हॉकीचा ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच, म्हणजे क्षेत्रफळाने तिपटीहून मोठा. तिथे रबरी चकती, इथे दीडशे ग्रॅमहून जड आणि दगडासारखा टणक चेंडू. शंकर लक्ष्मण यांच्या काळात या गोलपुढे उभा राहणारा माणूस पायाला पॅड, हातात मोजे आणि पायात जाड बूट घालून असे. हेल्मेट नाही, छातीवर कवच नाही. गवताचे मैदान सपाट नसे, त्यामुळे सरळ येणारा चेंडू शेवटच्या क्षणी उसळी घेई. आजच्या गोलरक्षकासारखे आडवे पडून चेंडू अंगावर घेणे अशा साहित्यात धोक्याचे होते. उभे राहून, नजर ठेवून, योग्य वेळी पाय टाकणे हेच तंत्र.

दोघांत आणखी एक फरक होता. प्लांट यांना गोल सांभाळण्याचा पगार मिळत होता. शंकर लक्ष्मण यांचा पगार शिपाई म्हणून होता. हॉकी हौशी खेळाडूंचा खेळ होता.

टोक्योत हिशेब कसा फिटला?

१९६४ चे टोक्यो ऑलिम्पिक भारताला सोपे गेले नाही. जर्मनी आणि स्पेनने १-१ असे बरोबरीत रोखले, नेदरलँड्सवर २-१ असा जेमतेम विजय मिळाला. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाला ३-१ हरवून चरणजित सिंग यांचा संघ पुन्हा पाकिस्तानसमोर आला.

२३ ऑक्टोबर १९६४ च्या त्या सामन्यात पूर्वार्धात गोल झाला नाही. उत्तरार्धात पेनल्टी कॉर्नरवर पृथीपाल सिंग यांचा फटका गोलरेषेवर पाकिस्तानच्या मुनीर दार यांच्या पायाला लागला. भारताला पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि मोहिंदर लाल यांनी तो साधला. त्यानंतर पाकिस्तानने हल्ल्यांची झोड उठवली. पेनल्टी कॉर्नर मिळाले, जवळून फटके आले, आणि प्रत्येक वेळी शंकर लक्ष्मण मध्ये होते. चार वर्षांपूर्वीच्या एका गोलाचे ओझे घेऊन खेळणाऱ्या माणसाने त्या दिवशी गोल होऊ दिला नाही. त्यांना तो चेंडू फुटबॉलएवढा दिसत असावा, अशा आशयाचे कौतुक एका ऑस्ट्रेलियन हॉकी मासिकाने केले. कोदरियाच्या फुटबॉलपटूला हे आवडले असेल.

त्यांना त्याच वर्षासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, १९६७ मध्ये पद्मश्री.

गोलरक्षक कर्णधार झाल्यावर?

गोलरक्षक मैदानाच्या एका टोकाला उभा असतो, त्यामुळे त्याला कर्णधार करू नये अशी समजूत होती. शंकर लक्ष्मण भारताचे नेतृत्व करणारे पहिले गोलरक्षक ठरले. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पुन्हा पाकिस्तान, पुन्हा गोलशून्य कोंडी. जादा वेळेत भारताने गोल केला आणि १-० असा विजय मिळवला. आशियाई स्पर्धेतले हे भारताचे हॉकीतले पहिले सुवर्ण. दुसऱ्यासाठी १९९८ पर्यंत थांबावे लागले.

असे असूनही दोनच वर्षांनी, १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली नाही. त्या संघाला पृथीपाल सिंग आणि गुरबक्ष सिंग असे दोन संयुक्त कर्णधार देण्यात आले होते, यावरूनच तेव्हाच्या कारभाराची कल्पना यावी. भारत कांस्यपदक घेऊन परतला. शंकर लक्ष्मण यांनी हॉकी सोडली.

निवृत्तीनंतर काय झाले?

ते पलटणीतच राहिले आणि १९७९ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीतून कॅप्टन या हुद्द्यावरून निवृत्त झाले. बँडवादक म्हणून भरती झालेल्या मुलासाठी ही मोठी मजल होती. तोवर खेळ बदलला होता. १९७६ मध्ये माँट्रियलला, प्लांट यांच्याच शहरात, ऑलिम्पिक हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर झाली आणि भारत सातवा आला. वेग वाढला तसे गोलरक्षकाच्या अंगावर हेल्मेट आणि फोमचे जाड पॅड आले.

शंकर लक्ष्मण महूलाच परतले होते. दोन सुवर्ण आणि एक रौप्य अशी ऑलिम्पिक पदके घरात असलेला हा माणूस अखेरच्या काळात हलाखीत होता, अशा बातम्या तेव्हा छापून आल्या. पायाला गँगरीन झाले होते. २९ एप्रिल २००६ रोजी महूमध्येच त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ७२ वर्षांचे होते.