एकोणीस वर्षांचे चक्र व पूज्य बीड

अंबरनाथच्या पुरातन देवळातील शिलालेखात शके ९८२ हा काळ कोरलेला आहे. तो इसवी सन १०६० होय. प्रभूच्या जन्मापासून वर्षे मोजण्याची ही रीत इतिहासलेखनात रूढ करण्याचे बरेचसे श्रेय पूज्य बीड या इंग्रज विद्वानाकडे जाते. त्यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देतो.

बीड सुमारे ६७३ साली नॉर्थंब्रिया प्रांतात जन्मले. सातव्या वर्षी आप्तांनी त्यांस मठात ठेविले, आणि पुढील सारे आयुष्य विअरमथ व जॅरो येथील मठातच गेले. एकोणिसाव्या वर्षी ते डीकन व तिसाव्या वर्षी याजक झाले.

त्यांच्या जन्मापूर्वी त्या राज्यात एक दुही माजली होती. राजा ऑस्विऊ पुनरुत्थानाचा सण एका गणनेने पाळी, राणी दुसऱ्या गणनेने. त्यामुळे एखादे वर्षी राजा सणाचे भोजन करी, तेव्हा राणीचा उपास चालू असे. ६६४ साली व्हिटबीच्या सभेत राजाने रोमी गणना स्वीकारिली. परंतु तिचे मर्म शिकविणारा कोणी हवा होता. ते काम बीड यांनी ७२५ साली काळगणनेवरील ग्रंथ लिहून केले.

एकोणीस सौर वर्षांत सुमारे २३५ चांद्रमास येतात, हा त्या गणनेचा पाया. आपल्या पंचांगातही एकोणीस वर्षांत सुमारे सात अधिक मास पडतात, ते याच कारणाने. आपला एकोणीस हा शब्द म्हणजे एक उणे वीस. लॅटिन भाषेतही वीसातून एक उणा अशा अर्थाचा जुना शब्द आहे. बीड यांनी मात्र या चक्रास दहा आणि नऊ यांवरून बनलेले नाव वापरिले.

ग्रंथारंभी त्यांनी बोटांनी मोजणे शिकविले आहे. डाव्या हातावर एकं व दहं, उजव्यावर शतं व सहस्र. पेरणाऱ्याच्या दाखल्यातील तीसपट, साठपट व शंभरपट यांचा अर्थ विद्वान जेरोम यांनी बोटांच्या याच खुणांनी उलगडला होता, हेही ते सांगतात. बदलापूरच्या बाजारात अंगठ्याने पेरे मोजून एका हातावर बारा गणणाऱ्या आजीबाईस ही विद्या परकी वाटणार नाही.

७३१ साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्यांनी इंग्रज मंडळीचा इतिहास पूर्ण केला. ७३५ साली ते निवर्तले. अखेरच्या दिवसांत ते योहानाचे शुभवर्तमान आपल्या लोकांच्या बोलीत उतरवीत होते. एका घरात उपास व सण एकाच दिवशी येऊ नयेत, यासाठी त्यांनी अंकांची सेवा पत्करिली. मंडळीची हजेरी व दानाचा हिशेब लिहिणाऱ्या आपल्या उपदेशकांनीही हे काम हलके मानू नये, असे आम्हांस वाटते.